इथे सही करा: सोनोग्राफीच्या खोलीतल्या एका कागदाची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचे हेडफोन पुन्हा एकदा हरवलेत, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून टाकतेय. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ कमी केलेत. सगळे काढले तर मी ‘मी’ वाटणार नाही.

आजचा विषय सुचला तो एका सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर. गेल्या वर्षी वहिनीला पाचवा महिना होता. दादाला सुट्टी नव्हती, म्हणून तिच्याबरोबर मी गेले. बाहेर तोच बोर्ड, आपण लहानपणापासून बघतोय तो: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. आत पंधरा-वीस बायका, प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली आणि फाइल. काउंटरवरच्या मुलीने एक छापील फॉर्म पुढे सरकवला आणि पेनाच्या टोकाने तीन जागा दाखवल्या. “मॅडम, इथे, इथे आणि इथे सही करा.” वहिनीने केल्या. वीस सेकंद लागले असतील.

मी विचारलं, “वहिनी, कशावर सही केलीस?” ती म्हणाली, “अगं, सोनोग्राफी करायला हो म्हणाले ना, त्याची.”

वहिनी एम.कॉम. आहे, बँकेत कर्ज विभागात काम करते. लोकांना ‘सही करायच्या आधी नीट वाचा’ असं सांगणं हा तिच्या नोकरीचा भाग आहे. आणि तिने ज्याच्यावर सही केली होती, त्यात ‘सोनोग्राफी करायला माझी संमती आहे’ असं नव्हतंच मुळी. त्यात लिहिलं होतं की मला माझ्या गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही.

या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक संमती आहे, दुसरं प्रतिज्ञापत्र. पहिल्याच्या जागी दुसरं कसं येऊन बसलं, ती आजची गोष्ट. तिची सुरुवात आपल्याकडे नाही, स्कॉटलंडमध्ये आहे. आणि थोडी कॅलिफोर्नियात.

आधी कॅलिफोर्निया. एका रुग्णाच्या महाधमनीची तपासणी झाली, औषध टोचून एक्स-रे काढण्याची. दुसऱ्या दिवशी तो उठला तेव्हा त्याचे पाय हलत नव्हते. या तपासणीत असा धोका असतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये अपिलाच्या निकालात न्यायाधीशांनी एक शब्दप्रयोग वापरला, जो आज जगभरच्या हॉस्पिटलांत छापलेला असतो: इन्फॉर्म्ड कन्सेंट. आपण मराठीत माहितीपूर्ण संमती म्हणतो. रुग्णाची परवानगी लागते हे त्याआधीही मान्य होतं. नवं होतं ते हे, की नुसतं ‘हो’ पुरत नाही, ते ‘हो’ कशाला आहे हे त्याला कळलेलं असलं पाहिजे.

आता ग्लासगो. जहाजं बांधणारं शहर. तिथे इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते आणि रडार-सोनार या गोष्टींचं त्यांना भारी वेड. जवळच रेनफ्रू इथे बॉयलर बनवणारा कारखाना होता. धातूच्या आत कुठे भेग आहे का हे ध्वनिलहरींनी तपासायचं यंत्र तिथे वापरायचे. १९५५ च्या जुलैत डोनाल्ड ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत टाकून त्या कारखान्यात पोचले. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक तुकडा दिला. यंत्राने गाठीतला फरक दाखवला! मग टॉम ब्राउन नावाचा तरुण इंजिनिअर त्यांना येऊन मिळाला, जॉन मॅकव्हिकर नावाचे डॉक्टर होतेच, आणि ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये तिघांचा लेख आला. पोटातल्या गाठी ध्वनिलहरींनी कशा ओळखायच्या, हा विषय. त्यातच गर्भाचंही चित्र होतं.

या प्रयोगांमधली एक बाई मला विसरता येत नाही. तिच्या पोटात पाणी झालंय, पोटाचा कॅन्सर आहे, काही करता येणार नाही, असं इतर डॉक्टरांचं मत होतं. डोनाल्डच्या यंत्राने दाखवलं की ती अंडाशयाची मोठी गाठ आहे. गाठ काढली, बाई वाचली. सोनोग्राफीची गोष्ट सुरू होते ती एका बाईचा जीव वाचवून. पुढचं ऐकताना हे डोक्यात असू द्या.

तारखा पाहिल्या का? ‘माहितीपूर्ण संमती’ हा शब्द १९५७ चा आणि सोनोग्राफी १९५८ ची. जवळजवळ जुळी भावंडं. फक्त एकमेकांना भेटायला त्यांना फार वर्षं लागली.

सोनोग्राफी इतक्या पटकन का पसरली त्याचंही कारण त्याच काळात आहे. तेव्हा पोटातलं बाळ बघायला गरोदर बाईचा एक्स-रे काढायचे. ऑक्सफर्डच्या ॲलिस स्टुअर्ट यांनी १९५६ आणि १९५८ मध्ये दाखवून दिलं की पोटात असताना ज्या मुलांवर एक्स-रे पडले, त्यांच्यात लहानपणीच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे. अनेक वर्षं लोक मानायला तयार नव्हते. ज्या आयांचे एक्स-रे निघाले, त्यांना कोणी विचारलं होतं? विचारलं असतं तरी सांगणार काय, डॉक्टरांनाच माहीत नव्हतं. ध्वनिलहरींत ते किरण नाहीत, म्हणून सोनोग्राफी आली तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आणि मला वाटतं तिथेच एक सवय लागली. यात धोका नाही ना, मग विचारायचं काय? पोटाला जेल लावायचं आणि बघायचं.

बरं, आता आपल्याकडे येऊ.

१९७१ मध्ये आपल्याकडे गर्भपाताचा कायदा झाला, एमटीपी ॲक्ट. १ एप्रिल १९७२ पासून लागू. त्यात संमतीबद्दल एक कलम आहे, जे आजही निम्म्या हॉस्पिटलांना पाठ नाही: सज्ञान बाईच्या बाबतीत फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. पन्नास वर्षं झाली तरी काउंटरवर ‘मिस्टरांची सही आणा’ चालूच आहे. शेवटी २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की कायद्यात नसलेल्या अटी, म्हणजे घरच्यांची संमती वगैरे, डॉक्टरांनी लादू नयेत.

त्यानंतर १९७५ च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये गर्भजल तपासणी सुरू झाली. सुईने गर्भाभोवतालचं पाणी काढायचं आणि बाळाला काही आनुवंशिक आजार आहे का ते बघायचं. हेतू तोच होता. पण त्या पाण्यातून मुलगा की मुलगी हेही कळतं, आणि बघता बघता लोक त्यासाठीच येऊ लागले. सरकारने सरकारी दवाखान्यांत लिंग बघण्यासाठीच्या तपासणीवर बंदी आणली. मग काय, खासगीत सुरू! अमृतसरच्या क्लिनिकच्या जाहिराती गाजल्या. आज थोडे पैसे घाला, पुढचे हुंड्याचे हजारो वाचवा, अशा अर्थाच्या. मुंबईत लोकलच्या डब्यांत जाहिराती लागल्या. आज तिथे बाबा बंगालीचे स्टिकर असतात ना, तशा.

इथे आपल्या विषयाचा कळीचा मुद्दा येतो. तेव्हाच्या काही डॉक्टरांना विचारलं की हे का करता, तर त्यांचं उत्तर काय होतं? “बाई स्वतः मागते. तिची संमती आहे. तिला तीन मुली आहेत, घरात छळ होतोय, आम्ही तिला मदतच करतोय.”

बघा हं, हे उत्तर नुसतं निर्लज्ज म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्यात एक खरा भाग होता. बाई खरंच मागत होती. स्वतःच्या पायाने येत होती, सही करत होती, पैसेही कधी स्वतःचे सोनं मोडून आणत होती. संमतीच्या पुस्तकी व्याख्येतल्या सगळ्या चौकटींवर बरोबरची खूण. आणि तरी ते ‘हो’ तिचं होतं का?

मुंबईतल्या बायकांनी हाच प्रश्न रस्त्यावर आणला. १९८५ मध्ये लिंगनिदान आणि लिंगनिवडीच्या विरोधात एक मंच उभा राहिला. स्त्री संघटना, डॉक्टर, वकील, विज्ञान चळवळीतले लोक, सगळे त्यात. त्याच दशकात स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ हे ज्योती म्हापसेकरांचं नाटक गावोगाव चाललं होतं. तुमच्या आईला विचारा, तिने शाळेच्या मैदानात पाहिलं असेल. राज्य सरकारने डॉ. संजीव कुलकर्णींकडून पाहणी करवली. मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं, तर ४२ जण लिंग बघण्यासाठी गर्भजल तपासणी करत होते. म्हणजे ८४ टक्के. हे कुठल्या आडबाजूच्या भोंदूबद्दल नाही बोलत मी, मुंबईच्या शिकलेल्या डॉक्टरांबद्दल बोलतेय.

आणि मग १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. देशातला पहिला. याचा अभिमान बाळगायला हरकत नाही, फक्त पहिला कायदा आपल्याला का लागला हेही लक्षात ठेवून.

केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये, लागू झाला १ जानेवारी १९९६ ला. आपण ज्याला पीसीपीएनडीटी म्हणतो तो. तेव्हा नावात एक ‘पीसी’ कमी होता. हा कायदा मी या एपिसोडसाठी पहिल्यांदा नीट वाचला आणि मला दोन धक्के बसले.

पहिला धक्का चांगला होता. कलम ५. त्यात लिहिलंय की प्रसूतिपूर्व निदानाची प्रक्रिया करायच्या आधी तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत. तिला त्या प्रक्रियेचे माहीत असलेले सगळे दुष्परिणाम समजावून सांगायचे. तिला समजेल अशा भाषेत तिची लेखी संमती घ्यायची. आणि त्या संमतीची प्रत तिला द्यायची. १९९४ मध्ये हे लिहिलंय! आपल्याकडे रुग्णाला स्वतःचे रिपोर्ट मागायला भीती वाटायची त्या काळात.

नियमांत तर आणखी सुंदर गोष्ट आहे. गर्भजल तपासणीसारख्या, सुई घालून करायच्या तपासण्यांसाठी ‘जी’ नावाचा संमतीचा फॉर्म आहे. त्याचं भाषांतर राज्याने करून द्यायचं. आणि तिच्या भाषेत अधिकृत भाषांतर नसेल, तर त्या क्लिनिकने स्वतः करून द्यायचं. विचार करा. मेळघाटातली कोरकू बोलणारी बाई असेल, नंदुरबारची पावरी बोलणारी असेल, सोलापुरात तेलुगू बोलणारी असेल. कायदा म्हणतो, तिच्या भाषेत. आता हे होतं का, असं विचारू नका. मी फक्त कागदावर काय आहे ते सांगतेय.

दुसरा धक्का कलम २४ चा. एखाद्या बाईने लिंगनिदान करून घेतलं, तर कोर्ट काय गृहीत धरेल? तिला नवऱ्याने किंवा नातेवाइकाने भाग पाडलं. उलट कोणी सिद्ध करेपर्यंत हेच धरायचं.

म्हणजे मुंबईच्या डॉक्टरांचं ‘बाई स्वतः मागते’ हे उत्तर कायद्याने खोडून काढलं. कायदा म्हणतो, या एका बाबतीत तिचं ‘हो’ आम्ही तिचं मानत नाही. मला हे बरोबर वाटतं, कारण नाहीतर नवरा-सासू घरी आणि ती तुरुंगात, असं झालं असतं. पण मान्य करू, हे विचित्रही आहे. एकाच कायद्यात एका पानावर तिची लेखी संमती घ्या असं आहे, आणि पुढच्या पानावर तिच्या संमतीवर फार भरवसा ठेवू नका असं आहे. दोन्ही वाक्यं खरी आहेत. आपल्याकडच्या घरांमध्ये दोन्ही एकाच वेळी खरी असतात.

कायदा आला आणि कपाटात गेला. चार वर्षं जवळजवळ काही हललं नाही. दरम्यान सोनोग्राफी स्वस्त झाली, मशीन तालुक्याला पोचलं. सुई नको, वाट बघणं नको, दहा मिनिटांत काम. कायद्याने लिंग सांगायला बंदी केली होती, पण ‘पेढे आणा’ किंवा ‘बर्फी आणा’ म्हणायला कुठे बंदी होती? खरं तर तीही होती. कायद्यात शब्दांनी, खुणांनी किंवा इतर कुठल्याही प्रकारे सांगू नये असंच लिहिलंय. पण पकडणार कोण?

फेब्रुवारी २००० मध्ये तीन जण सुप्रीम कोर्टात गेले. मुंबईची सेहत ही संस्था, पुण्याची मासूम, आणि साबू जॉर्ज. त्यांची मागणी नवा कायदा करा अशी नव्हती, आहे तो वापरा अशी होती. कोर्टाने राज्यांना झापलं. मशीन बनवणाऱ्या कंपन्यांकडून यंत्रं कुणाला विकली त्याची माहिती मागवली. आणि २००१ च्या जनगणनेचे आकडे आल्यावर तर कोणाला बोलायला जागा उरली नाही. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली ९१३. दहा वर्षांपूर्वी ९४६ होत्या. कोल्हापूर ८३९, सांगली ८५१. ऊस, दूध, सहकार, शिक्षण, सगळ्यात पुढे असलेले जिल्हे.

१४ फेब्रुवारी २००३ ला कायदा बदलला. (हो, व्हॅलेंटाइन डेला. योगायोग.) आणि याच दिवशीच्या नियमबदलात आली ती गोष्ट, ज्यावर वहिनीने सही केली.

नियम १० मध्ये एक नवा तुकडा जोडला गेला. त्यात दोन गोष्टी. डॉक्टरने प्रत्येक रिपोर्टवर लिहून द्यायचं की मी लिंग पाहिलं नाही आणि कोणाला सांगितलं नाही. आणि गरोदर बाईने सोनोग्राफीच्या आधी लिहून द्यायचं की मला लिंग जाणून घ्यायचं नाही.

आता जरा सावकाश ऐका, म्हणजे वाचा. मूळ कायद्यातल्या ‘प्रक्रिया’ या शब्दाच्या व्याख्येत सोनोग्राफी आहे. म्हणजे समजावून सांगा, तिच्या भाषेत संमती घ्या, प्रत द्या, हे सोनोग्राफीलाही लागू व्हायला हवं. पण नियमांत संमतीचा ‘जी’ फॉर्म जोडलाय तो सुईच्या तपासण्यांना. सोनोग्राफीला जोडलाय ‘एफ’ फॉर्म. त्यात बाईचं नाव, वय, पत्ता, कितवा महिना, सोनोग्राफी कशासाठी, मुलगे किती, मुली किती, त्यांची वयं किती, हे सगळं आहे. शेवटी दोन प्रतिज्ञा, तिची आणि डॉक्टरची. ही तपासणी काय आहे, ती मला समजली, मी तयार आहे, असं सांगणारी ओळ तिथे नाही.

म्हणजे सरकारने तिला विचारलं, तू गुन्हा करणार नाहीस ना? डॉक्टरने विचारलं, तू गुन्हा करणार नाहीस ना? हे तुझ्या पोटावर काय करणार आहेत ते तुला कळलंय ना, हे विचारायचं राहून गेलं. कोणी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. घर जळत होतं, सगळे पाण्याच्या बादल्या घेऊन धावत होते. त्या धावपळीत कुणी तरी दाराची पाटी उलटी लावली, आणि ती तशीच राहिली.

एफ फॉर्म पुढे या कायद्याचा कणाच झाला. २००३ च्याच बदलाने सांगितलं की नोंदीत कमतरता किंवा चूक सापडली तर तो कायद्याचा भंग धरला जाईल, आणि तसं नाही हे सोनोग्राफी करणाऱ्याने सिद्ध करायचं. महिन्याच्या पाच तारखेपर्यंत सगळे फॉर्म अधिकाऱ्याकडे. कोल्हापूरला तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी याच्याही पुढे जाऊन मशीनला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं यंत्र बसवायला लावलं आणि एफ फॉर्म ऑनलाइन केले. देशमुख म्हणजे आपले लेखक, बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ते. त्यांनी या विषयावर कथाही लिहिल्यात. रेडिओलॉजिस्ट मंडळी हायकोर्टात गेली, रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा काढला. मुंबई हायकोर्टाने २०११ मध्ये प्रशासनाची बाजू घेतली.

तो मुद्दा ज्यांनी काढला त्यांचा हेतू काहीही असो, मुद्दा खोटा नव्हता हो. त्या बाईच्या पोटाची चित्रं कुठे साठतायत, हे तिला कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. पण त्याच सुमाराला २०११ च्या जनगणनेत बीड ८०७ वर आलं होतं, आणि २०१२ मध्ये परळीत गर्भपात करताना एक बाई मेली. मुलीचा गर्भ होता, सहावा महिना. त्याच मे महिन्यात आमिर खानच्या ‘सत्यमेव जयते’चा पहिला भाग याच विषयावर आला. अशा वेळी खासगीपणाबद्दल बोलणारा माणूस आरोपीचा वकील वाटतो. मलाही वाटला असता.

डॉक्टरांची तक्रार होती की पत्ता अपुरा राहिला, एक रकाना रिकामा राहिला, तरी मशीनला सील लागतं. कारकुनी चुकीला गुन्हा का म्हणता? त्यांची संघटना सुप्रीम कोर्टात गेली. ३ मे २०१९ ला निकाल आला, आणि कोर्ट ठाम होतं: एफ फॉर्म ही कारकुनी बाब नाही, बंद खोलीत काय झालं याचा तोच एक पुरावा आहे.

कोर्टाचं म्हणणं मला पटतं. पण त्याचा खोलीत काय परिणाम झाला, तो वहिनीबरोबर मी पाहिला. डॉक्टर बोलतच नव्हते. स्क्रीन आमच्याकडे पाठ करून. वहिनीने विचारलं, “डॉक्टर, सगळं ठीक आहे ना?” उत्तर आलं, “रिपोर्टमध्ये येईल.” काही बोललो आणि कोणी त्याचा भलता अर्थ लावला तर, अशी भीती असावी. त्यांनाही दोष कसा देऊ? ज्या खोलीत शब्द आणि खुणा दोन्ही पुरावा होऊ शकतात, तिथे माणूस गप्पच बसणार.

पण न सांगितलेल्या गोष्टींची यादी मोठी होती. पाचव्या महिन्यातली ही सोनोग्राफी बाळाच्या अवयवांत काही दोष आहे का ते बघायला असते. मेंदू, मणका, हृदय, किडनी. म्हणजे त्या खोलीतून वाईट बातमी घेऊन बाहेर यायची शक्यता असते, आणि मग काही निर्णय दिवस मोजून घ्यावे लागतात. २०२१ पर्यंत गर्भपाताची मर्यादा २० आठवडे होती. आता काही गटांतल्या बायकांसाठी २४ आहे, आणि गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्ड त्यापुढेही परवानगी देऊ शकतं. हे आधी माहीत असलं तर बाई मनाची तयारी करून जाते. दुसरं, सोनोग्राफीत सगळं दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे बाळाला काहीच नसेल अशी हमी नव्हे. ते रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, इंग्रजीत. तिसरं, पहिल्या तिमाहीत कधी कधी योनीमार्गातून सोनोग्राफी करतात. मैत्रिणींना विचारलं तर बऱ्याच जणींना ते टेबलावर झोपल्यावर कळलं होतं. एकीला तर तेव्हाही कळलं नाही, प्रोब हातात दिसला तेव्हा कळलं. ‘नको’ म्हणता येतं, हे तिला माहीतच नव्हतं.

कोर्टांनी याबद्दल काहीच म्हटलेलं नाही असं नाही. जानेवारी २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या एका केसमध्ये निकाल दिला. एक बाई तपासणीसाठी भूल घेऊन झोपली होती. तेवढ्यात डॉक्टरने बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेतली आणि तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकलं. कोर्ट म्हणालं, तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती नाही, आणि ती स्वतः सज्ञान असताना आईची संमती चालत नाही. मात्र किती सांगायचं, या प्रश्नावर कोर्टाने अमेरिकेचं माप घेतलं नाही. आपली परिस्थिती बघता ब्रिटनसारखं, म्हणजे जबाबदार डॉक्टर साधारण जेवढं सांगेल तेवढं, असं माप घेतलं.

आणि गंमत बघा. ते ब्रिटिश माप ब्रिटनने स्वतःच २०१५ मध्ये सोडून दिलं. केस होती माँटगोमेरी विरुद्ध लॅनार्कशायर आरोग्य मंडळ. मधुमेह असलेली गरोदर बाई. बाळाचे खांदे अडकण्याचा धोका डॉक्टरला माहीत होता, पण सांगितला तर ही सिझेरियन मागेल, म्हणून सांगितला नाही. बाळाला कायमचं अपंगत्व आलं. कोर्ट म्हणालं, डॉक्टरला काय सांगावंसं वाटतं हे माप नाही, या बाईला काय जाणून घ्यायचं असेल हे माप. लॅनार्कशायर कुठे आहे माहितीये? ग्लासगोच्या शेजारी. डोनाल्ड ज्या गावात गाडीच्या डिकीतून गाठी घेऊन फिरत होते, तिथून काही किलोमीटरवर. जुळी भावंडं अखेर भेटली ती त्यांच्या गावाजवळच, पण सत्तावन्न वर्षांनी.

तर परत आमच्या बाकावर. वहिनीचा रिपोर्ट ठीक होता. पण ‘कशावर सही केलीस’ हे तिच्या डोक्यात राहिलं असावं, कारण आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीला मी पुन्हा गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने पेनाचं टोक टेकवलं आणि वहिनीने फॉर्म स्वतःकडे ओढून घेतला. सगळा वाचला. मागे रांग. एक बाई म्हणाली, “अहो ताई, लवकर करा ना, पाणी पिऊन बसलोय सगळ्या.” वहिनीने सह्या केल्या, मोबाइल काढला आणि फॉर्मचा फोटो घेतला. ती मुलगी जरा दचकली. “मॅडम, फोटो कशाला?”

“माझी सही आहे ना त्यावर,” वहिनी म्हणाली.

आत गेल्यावर तिने डॉक्टरांना सांगितलं, “मुलगा-मुलगी मला नकोच सांगू. पण आज तुम्ही काय काय बघणार आहात ते सांगाल का?” डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. मग हातातला प्रोब खाली ठेवला आणि सांगायला लागले. बाळाचं वजन, पाणी किती आहे, वार कुठे आहे, डोकं खाली आलंय का. चार मिनिटं लागली असतील, मी मोजली नाहीत. बाहेरच्या बायकांनी मोजली असतील.

त्या फोटोची प्रिंट अजून तिच्या फाइलमध्ये आहे. भाचीच्या लसीकरणाच्या कार्डाच्या मागे.

पुढच्या भागात आपण देवीची लस आणि तिला घाबरून गाव सोडून पळणारे लोक, यांच्याकडे जाणार आहोत. तोपर्यंत तुमच्या घरातल्या कोणाला एफ फॉर्म कसा भरला होता ते आठवत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. चला, भेटू.